गुणाकार

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात 'घर, पैसा आणि कामातलं समाधान' या विषयावर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



कार्यकारिणीनं विषय दिला तेव्हा मी म्हटलं, बाबांनो, हा विषय कीर्तनकाराचा आहे. माझी हयात गेली बांधकाम कंपनीत एस्टिमेट काढण्यात. किती टन सळई लागेल, किती घनमीटर काँक्रीट लागेल, त्यात वाया किती जाईल, एवढंच मला कळतं. समाधान कुठल्या युनिटमध्ये मोजतात ते काही मला ठाऊक नाही. तेव्हा मी आपला हिशेबापासूनच सुरुवात करतो. त्यातून समाधानापर्यंत पोचलो तर ठीक, नाहीतर चहा आहेच.

पहिला प्रश्न तुम्हाला. सुपरमार्केटमध्ये कोथिंबिरीची जुडी हातात घेतल्यावर तिची किंमत मनातल्या मनात तेवीसनं गुणत नाही, असा इथे कोण आहे? हात वर करा. (हशा) मागच्या रांगेत एकच हात दिसतोय. त्यांचा जन्म इथलाच असणार! आपण बाकीचे सगळे गुणणारे. मेट्रोचं तिकीट गुणतो, मुलांची फी गुणतो, गाडीला दंड झाला की तो तर दोनदा गुणतो. पगार मात्र आपण सगळ्यात प्रेमानं गुणतो, कारण गुणल्यावर तोच एक बरा दिसतो.

हा गुणाकार नेहमी नव्हता, हे आपल्यातल्या तरुण मंडळींना माहीत नसेल. या भूमीवर एके काळी आपलाच रुपया चालायचा. दुबईचा मोती मुंबईच्या बाजारात जायचा, मुंबईहून तांदूळ, कापड, लाकूड इकडे यायचं. मुंबई बंदरातून निघणाऱ्या 'द्वारका'सारख्या बोटी डेकवरच्या उतारूंना घेऊन आखातातल्या बंदरांना लागायच्या. 'द्वारका' तर १९८२ पर्यंत चालू होती. इथले व्यवहार रुपयात, पगार रुपयात. मग सोन्याच्या चोरट्या व्यापारात भारताचं परकीय चलन गळायला लागलं, म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. त्यांच्या क्रमांकाआधी 'झेड' हे अक्षर असायचं. किंमत मात्र आपल्या रुपयाइतकीच. म्हणजे त्या काळी रत्नागिरीहून इकडे आलेल्या खलाशाला गुणायला काही नव्हतंच. इथला रुपया तोच घरचा रुपया.

६ जून १९६६ ला भारतानं रुपयाचं अवमूल्यन केलं. पावणेपाच रुपयांचा डॉलर एका रात्रीत साडेसात रुपयांचा झाला. इथल्या लोकांच्या खिशातल्या नोटांची किंमत दिल्लीतल्या निर्णयानं उतरली, आणि इथल्या राज्यांनी रुपयाला रामराम ठोकला. दुबईनं पुढे कतारबरोबरचा रियाल घेतला, अबुधाबीनं बहारीनचा दिनार. १९७१ मध्ये देश एकत्र आला आणि १९ मे १९७३ ला दिरहम आला. आपला गुणाकार सुरू झाला तो तेव्हापासून.

आता आकडे ऐका. दिरहम आला तेव्हा त्याचे साधारण दोन रुपये होत. १९९० मध्ये पावणेपाच. २००० साली बाराच्या आसपास. २०१० साली साडेबारा, म्हणजे दहा वर्षांत जवळजवळ जागच्या जागी. २०२० मध्ये वीस. आणि आता तेवीसच्या पुढे. १९९७ पासून दिरहम डॉलरला ३.६७२५ या दरानं बांधलेला आहे, तो हलत नाही. हलतो तो रुपया.

ऑगस्ट २०१३ आठवतोय ना? भाव अठराच्या वर गेला आणि एक्स्चेंजच्या दुकानांसमोर रांगा लागल्या. आमच्या ऑफिसमध्ये तर पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. मी एका सहकाऱ्याला विचारलं, "तुझा पगार वाढला का रे?" म्हणाला, "नाही, पण भाव वाढला ना!" अहो, भाव वाढला म्हणजे रुपया पडला. तिकडे तुमच्या वडिलांचं पेन्शन रुपयात आहे, बहिणीचा पगार रुपयात आहे. डिझेल महागलं की भाजी महागते. आपण आनंदानं पाठवलेल्या जादा रकमेतला मोठा भाग तिकडची महागाई गिळते. गुणाकाराचं उत्तर मोठं आलं याचा अर्थ आपण जास्त कमावलं असा होत नाही, एवढंच मला या आकड्यांवरून म्हणायचं आहे.

पैसा वाईट, असं मी मुळीच म्हणणार नाही. स्टेजवर उभं राहिलं की माणसाला एकदम वैराग्य येतं, तसलं काही नाही. आपण सगळे पैशासाठी इथे आलो. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि त्याला त्याग म्हणण्यासारखंही काही नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२३-२४ मध्ये भारतात बाहेरून आलेल्या पैशांपैकी १९.२ टक्के पैसा एकट्या अमिरातीतून गेला. आपल्या पुढे फक्त अमेरिका. या पैशातून कर्जं फिटली, बहिणींची लग्नं झाली, आईच्या डोळ्यांची ऑपरेशनं झाली, भाचे इंजिनियर झाले. ज्यांनी हे केलं त्यांना माझा नमस्कार.

माझा मुद्दा वेगळा आहे. गुणायची सवय पैशापाशी थांबत नाही. आपण हळूहळू दिवसही गुणायला लागतो. आजचा दिवस म्हणजे तिकडच्या फ्लॅटचे इतके चौरस फूट. ओव्हरटाइम म्हणजे मॉड्युलर किचन. मग इथला दिवस हा दिवस राहतच नाही, तो तिकडचा हप्ता होतो. आणि ज्या कामात आपण जागेपणीचे दहा-दहा तास घालवतो, ते काम नेमकं काय आहे हे बघायचं राहूनच जातं.

हे आपल्याच वाट्याला आलंय असंही नाही. आपल्या आधी आपल्या माणसांनी हे सगळं मुंबईत केलेलं आहे. कोकणातून, घाटावरून माणसं गिरणगावात गेली. एकेका गावाची एकेक खोली, तिच्यात पाळ्यांप्रमाणे झोपणारे पंधरा-वीस जण. करामा-देऱ्यातली आपली बेडस्पेस म्हणजे त्याच खोलीची एअरकंडिशन्ड नात म्हणायची! जेवण खानावळीत, आणि महिन्याच्या महिन्याला गावाला मनीऑर्डर. त्या मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली चार ओळी लिहायला जागा असायची. त्या चार ओळींवर कित्येक संसार चालले. रत्नागिरी जिल्हा मनीऑर्डरवर जगतो असं म्हटलं जायचं, ते काही उगाच नाही.

गावी चाकरमानी आला की लोक विचारायचे, "मुंबैत काय करतंस?" उत्तर ठरलेलं, "गिरणीत असतंय." संपलं. कुठल्या खात्यात, कसलं कापड, एका वेळी किती साचे सांभाळतोस, असं कोणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. गावाला कापडाशी कर्तव्य नव्हतं, मनीऑर्डरशी होतं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि मनीऑर्डरी थांबल्या. पुष्कळ जण गावी परतले. पैसा गेला हे दुःख होतंच. पण तीस वर्षं साच्यावर उभा राहिलेला माणूस, सुताचा ताण नुसत्या हाताला कळणारा माणूस, गावात एकदम कोणीच नव्हता. त्याला काय येतं हे त्याच्या घरच्यांनाही माहीत नव्हतं.

गिरणगावाचा विषय निघाला आहे तर खानावळीबद्दल दोन शब्द बोलतो. भगिनींनी लक्ष द्यावं. ही खानावळ कोण चालवायचं? बायका. दोन वेळचं दहा-पंधरा जणांचं जेवण, हिशेब वहीत, सावकाराचं व्याज डोक्यावर. त्याला कोणी काम म्हणत नसे, 'घरी डबे करते' एवढंच म्हणत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. बँकेनं त्यांना कर्ज दिलं, आणि ज्याला कोणी काम म्हणत नव्हतं त्याला बँकेच्या खातेवहीत जागा मिळाली. आता आपल्याकडे बघा. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आलेल्या, हातात पदवी असलेल्या किती जणी या हॉलमध्ये आहेत! शनिवारी-रविवारी मुलांना मराठी शिकवणाऱ्या आहेत. २०२२ च्या आधी हीच शाळा शुक्रवारी सकाळी भरायची. दिवाळीच्या आधी महिनाभर फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या आहेत. यांची ओळख करून देताना आपण काय म्हणतो? "ही घरीच असते." त्या 'घरीच'मधला 'च' आधी काढा. तेवढं तर फुकटात होईल.

बरं, आता घराकडे येऊ.

आपल्यात एक वाक्य आहे, ते शारजात, अलऐनमध्ये, रास अल खैमात, सगळीकडे सारखं ऐकू येतं: "अजून दोन वर्षं." मुलगी बारावी झाली की जाऊ. हप्ते संपले की जाऊ. एक काँट्रॅक्ट झालं की जाऊ. माझ्या ओळखीचे एक काका सव्वीस वर्षं 'अजून दोन वर्षं' म्हणत होते. त्यांचं गणित चुकलेलं नव्हतं, दर वेळी दोनच वर्षं होती. (हशा)

या दोन-दोन वर्षांच्या मुळाशी बहुतेक वेळा घर असतं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली, खेड या पट्ट्यातून आपल्या मुसलमान कोकणी बांधवांनी सगळ्यात आधी आखाताची वाट धरली. त्या भागात गेलात तर रस्त्याच्या कडेला दुमजली, तीनमजली देखणी घरं दिसतात. पुष्कळ दारांना कुलूप. गणपतीतली चाकरमान्यांची घरं तशीच, फक्त दहा दिवस उघडी. आणि आपण पुण्यात बाणेरला, वाकडला घेतलेले फ्लॅट तरी काय वेगळे? वर्षातून तीन आठवडे सुट्टीवर जायचं. त्यातला पहिला आठवडा जाळी काढण्यात, दुसरा प्लंबर शोधण्यात. तिसऱ्यात सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडण, मग विमान.

एस्टिमेटर म्हणून सांगतो, न वापरलेली इमारत वापरलेल्या इमारतीपेक्षा लवकर खराब होते. नळाचे वायसर सुकतात, गटाराच्या ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि वास घरात शिरतो, बंद खिडकीमागे ओल धरते. घराला माणसांची हालचाल लागते, हे तत्त्वज्ञान नाही, मेंटेनन्स आहे. माझं स्पष्ट मत: परत जायचं एक घर असावं, लहान असावं आणि त्यात कोणीतरी राहत असावं, भाडेकरू का होईना. दुसरा-तिसरा फ्लॅट घेणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. पण त्याला घर म्हणू नका, गुंतवणूक म्हणा, आणि मग तिचा परतावा मुदतठेवीच्या शेजारी मांडून बघा. घर म्हटलं की आपण हिशेब करायचं सोडून देतो. बिल्डरला हे आपल्याआधी कळलेलं आहे.

आणि आणखी एक. ज्या मुलांसाठी आपण ते घर बांधलं, त्यांचं घर कुठलं हे त्यांना विचारलंय का? इथे जन्मलेल्या, इथल्या भारतीय शाळेत शिकलेल्या मुलीला 'गाव कुठलं' विचारलं तर ती म्हणते, "बाबांचं गाव सातारा." बाबांचं! तिची शाळा, मैत्रिणी, पहिली सायकल, सगळं इथलं. पण इथलं नागरिकत्व नाही, राहायचं ते व्हिसावर. २०१९ पासून गोल्डन व्हिसा सुरू झाला, निवृत्तांसाठीही व्हिसा आला, त्यामुळे काहींना थांबायची वाट मिळाली. पण त्यासाठी मालमत्ता, ठेव किंवा तसंच उत्पन्न लागतं. आपल्यातल्या बहुतेकांना एक दिवस सामान बांधायचं आहेच. ते आनंदानं मान्य करावं. मात्र मान्य करणं वेगळं आणि पहिल्या दिवसापासून बॅगेवर बसून राहणं वेगळं.

सामान बांधताना हातात काय पडतं, तोही हिशेब करून टाकू, कारण पुष्कळांचा तो चुकलेला असतो. खासगी नोकरीतली ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी २१ दिवसांचा पगार आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचा. पगार म्हणजे बेसिक. घरभाडं, गाडीभत्ता त्यात धरत नाहीत. समजा बेसिक ४००० दिरहम आणि नोकरी २० वर्षं. पाच वर्षांचे १०५ दिवस, पंधरा वर्षांचे ४५० दिवस, मिळून ५५५ दिवस. एका दिवसाचे १३३ दिरहम आणि वर थोडे फिल्स. एकूण ७४ हजार दिरहम. आता गुणा तेवीसनं. सतरा लाख रुपये. वीस वर्षांच्या शेवटी सतरा लाख! आणि एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगारापेक्षा जास्त होत नाही, ही कायद्यातलीच मर्यादा आहे. हॉलमध्ये एकदम शांतता झाली. (हशा) नोकरी बदलताना लोक एकूण आकडा बघून सही करतात. बेसिक किती, हे तरुणांनी आधी विचारावं. आजच्या भाषणातली खात्रीनं उपयोगी पडणारी गोष्ट हीच, बाकीचं विसरलात तरी चालेल.

आता काम.

आपल्या मंडळात एकदा मुलांची निबंधस्पर्धा होती, विषय 'माझे बाबा'. परीक्षक मी होतो. निबंध छान होते, पण सगळ्यांचे बाबा सारखेच! बाबा सकाळी लवकर जातात, संध्याकाळी थकून येतात, सुट्टीच्या दिवशी बिर्याणी आणतात. बाबा काय करतात? 'जेबेल अलीला असतात.' अगदी तेच, 'गिरणीत असतंय.' दोष मुलांचा नाही. आपण घरी कधी सांगितलंच नाही. घरी आपण बॉसबद्दल बोलतो, इन्क्रिमेंटबद्दल बोलतो, व्हिसाबद्दल बोलतो. कामाबद्दल बोलत नाही.

याउलट एक गोष्ट मी पाहिली आहे. दुबईत मुहैसना भागात कामगारांची वस्ती आहे. तिला कामगारच 'सोनापूर' म्हणतात. आपल्या मुंबईकराला सोनापूर म्हटलं की मरीन लाइन्सचं स्मशान आठवतं, तो भाग सोडा. तिथल्या एका खोलीत सहा-आठ जण झोपणाऱ्या, एजंटाचं कर्ज फेडत असलेल्या माणसासमोर 'कामातलं समाधान' यावर भाषण करायची माझी हिंमत नाही. त्याला आधी पगार वेळेवर हवा. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद ठेवायचा नियम आहे, तो साइटवर पाळला जायला हवा. ते पहिलं. पण साइटच्या बसमधून मी कधीमधी गेलो आहे, आणि खिडकीतून बोट दाखवून "साहेब, त्या टॉवरच्या चौदाव्या मजल्याचं शटरिंग माझं" असं सांगणारे सुतार मी ऐकले आहेत. मुलाला व्हिडिओ कॉलवर तो टॉवर दाखवणारा एक सळईवालाही पाहिला आहे. आमच्या ऑफिसात मात्र त्याच टॉवरवर तीन वर्षं बसलेल्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो, "चाललंय, पगार येतोय." आमच्या दोघांच्या पगारात जमीन-अस्मानाचा फरक. पण टॉवर कोणाचा म्हणाल तर त्या सुताराचा.

आता एका गृहस्थांबद्दल सांगतो. नाव सांगू नका म्हणाले आहेत. मूळचे आटपाडी तालुक्यातले. सांगली जिल्ह्याचा तो पूर्वेकडचा दुष्काळी पट्टा. खानापूर-आटपाडीची माणसं दुष्काळापायी देशभर गेली, सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात शिरली. गलाईवाले म्हणतात त्यांना. यांचे वडीलही उत्तरेत गलाईच्या दुकानात होते. हे आयटीआय करून इकडे आले आणि समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या एका प्रकल्पावर चोवीस वर्षं ऑपरेटर होते. आपल्या पूर्व किनाऱ्यावर.

आपण नळ सोडतो, पाणी येतं. कुठून येतं? या देशात बारमाही नदी नाही. शहरांना पुरवलेलं पिण्याचं पाणी जवळजवळ सगळं समुद्राचं. त्यांनी मला ती पद्धत समजावली ती अशी. समुद्राचं पाणी तापवायचं आणि एकामागून एक बंद कप्प्यांतून न्यायचं. प्रत्येक पुढच्या कप्प्यात दाब आधीपेक्षा कमी. दाब कमी झाला की पाणी कमी तापमानालाही उकळतं, भसकन वाफ होते. वरच्या नळ्यांतून समुद्राचं थंड पाणी आत येत असतं. वाफ त्या नळ्यांवर जमून खाली गोडं पाणी ठिबकतं, आणि आत येणारं पाणी त्याच उष्णतेवर आपोआप तापतं. म्हणजे एकच ऊब पुन्हा पुन्हा वापरायची. मला ऐकताना आपल्या आजीची चूल आठवली. एका जाळावर भाकरी, बाजूच्या वैलावर आमटी, आणि मागे आंघोळीचं पाणी. दुसऱ्या पद्धतीत पाणी जोरानं पडद्यातून ढकलतात, मीठ मागे राहतं. घरच्या आरओसारखंच, फक्त अवाढव्य. त्यांच्याकडे दोन्ही होतं.

२००८ च्या अखेरीला समुद्रात लाल शेवाळाची लाट आली. काही महिने राहिली, पाण्याचा रंगच बदलला. अमिरातीतले आणि ओमानमधले काही प्रकल्प बंद ठेवावे लागले, कारण ते शेवाळ गाळण्या तुंबवत होतं. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. कुठल्या पंपाचा दाब किती चढला, रात्रपाळीला गाळण्या किती वेळा धुतल्या, कोणता पाकिस्तानी फोरमन दोन दिवस घरी गेला नाही, सगळं तोंडपाठ. म्हणाले, "आमच्या गावाला टँकर यायचा. टँकर आला नाही तर काय होतं ते मला माहिती होतं. ते तिथल्या इंजिनियरला माहिती नव्हतं." त्या दिवसांत पगार तेवढाच होता, हेही त्यांनी सांगितलं.

निवृत्त होऊन ते आटपाडीला गेले. घर बांधलेलं होतं. लोकांनी विचारलं, दुबईत काय करत होता? म्हणाले, "नोकरी." लोकांना ग्रॅच्युइटी किती मिळाली यात रस होता. पहिलं वर्ष वाईट गेलं. दुपारभर ओसरीवर बसायचं आणि संध्याकाळी मोबाईलवर दिरहमचा भाव बघायचा. पाठवायला काही नाही, तरी भाव बघायचा! वहिनींनी मला फोनवर सांगितलं, "भावजी, यांना काहीतरी काम सांगा."

टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी आता त्या तालुक्यात आलं आहे. शेतं बदलली आहेत. पण पिण्याचं पाणी अजून गावातल्या आरओ मशीनवरून भरतात, पाच रुपयांना वीस लिटरचा जार. ते मशीन दर दोन महिन्यांनी बंद पडायचं. ग्रामपंचायत पडदा बदलायची, कंत्राटदार बिल लावायचा, दोन महिन्यांनी पुन्हा तेच. एक दिवस हे पाणी भरायला गेले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "अहो, तुमचा आतला पडदा चांगलाय. आधीची वाळूची गाळणी कोणी धुवतच नाही, म्हणून तो तुंबतो." कोणी ऐकलं नाही. मग त्यांनी स्वतःच ती खोलली. आता गाळणी धुवायची तारीख भिंतीवर खडूनं लिहिलेली असते, आणि किल्ली यांच्याकडे असते. पैसे घेत नाहीत. सरपंचांनी मानधनाचं विचारलं तर म्हणाले, वाळू चांगली आणून द्या.

परवा त्यांचा फोन आला होता. शेजारच्या गावचं मशीन बघायला बोलावलंय. पाण्यातला क्षार मोजायचं एक चांगलं मीटर हवंय. तिकडे मिळणाऱ्या स्वस्तातल्या मीटरवर त्यांचा विश्वास नाही. मी देऱ्यातून घेऊन ठेवलं आहे, मूठभर आकाराचं आहे, वजन काही नाही. येत्या पंधरा दिवसांत पुण्याला, कोल्हापूरला किंवा सांगलीला कोणी जाणार असेल तर चहाच्या वेळी मला भेटा.